शेजाऱ्याची घरपट्टी कमी आणि आपली जास्त, असे का होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या पती-पत्नींनी २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत दोन बेडरूमचा पुनर्विक्रीचा फ्लॅट घेतला आणि तेव्हापासून ते स्वतः तेथे राहत आहेत. त्यांचे वर्षाचे बिल सुमारे १०,४०० रुपये येते. त्याच मजल्यावरच्या, तेवढ्याच क्षेत्राच्या फ्लॅटचे बिल सुमारे ६,२५० रुपये आहे, तर रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीतील जवळपास तेवढ्याच घराला तीन हजारही येत नाहीत. बिल चुकले आहे का, मुंबईप्रमाणे ५०० चौरस फुटांची माफी येथे का नाही, सोबत राहणारे वडील माजी सैनिक असल्याने काही सूट मिळते का, आणि तक्रार करायची झाल्यास ती कोठे करायची, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

गेली बावीस वर्षे मी आकारणीविरुद्धच्या तक्रारी आणि सुनावण्यांचे काम करतो आहे. सवयीने मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ६,२५० ला १०,४०० ने भागले. उत्तर ०.६ आले. पुण्यात हा भागाकार ०.६ आला की निदान बहुतेक झालेच असे समजावे. शेजाऱ्याला स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत मिळते आहे आणि तुम्हाला ती मिळत नाही. दर, क्षेत्र आणि बांधकामाचा प्रकार या बाबतींत तुमच्या बिलात चूक असण्याची शक्यता कमी आहे; चूक आहे ती वापराच्या नोंदीत. रस्त्यापलीकडच्या इमारतीचे कारण मात्र अगदी वेगळे आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी बिल कसे तयार होते ते पाहू, कारण बहुतेक घरमालक बिलाच्या तळाची रक्कम पाहून अस्वस्थ होतात आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या नोंदी वाचतच नाहीत. पुण्यात मिळकतकर हा घराच्या बाजारभावावर लागत नाही. घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल, याचा महापालिकेने ठरवलेल्या दराने अंदाज केला जातो, त्यातून दुरुस्ती-देखभालीपोटी १० टक्के वजा केले जातात आणि उरते ती वार्षिक करपात्र रक्कम. समजा, घर ८०० चौरस फुटांचे आहे आणि त्या भागाचा दर महिन्याला चौरस फुटाला ३ रुपये आहे. (हा दर केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.) ८०० गुणिले ३ गुणिले १२ म्हणजे २८,८०० रुपये, १० टक्के वजा जाता २५,९२० रुपये ही करपात्र रक्कम झाली. स्वतः राहणाऱ्या मालकाला यावर ४० टक्के सवलत मिळाली की ती १५,५५२ होते. सगळ्या करांच्या टक्क्यांची बेरीज सोयीसाठी ४० धरली, तर सवलतीशिवाय बिल १०,३६८ आणि सवलतीसह ६,२२१ रुपये येते. दोहोंत वर्षाला ४,१४७ रुपयांचा फरक पडला, आणि दोन्ही घरांच्या भिंती, खिडक्या, नळ सारखेच आहेत.

या करपात्र रकमेवर लागणारा कर हा एकच कर नसतो. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, पाणीपट्टी किंवा जललाभ कर, मलप्रवाह सुविधा कर, अग्निशामक कर, वृक्षसंवर्धन कर, महापालिकेचा शिक्षणकर अशी डझनभर शीर्षे बिलात असतात, आणि त्यांच्याबरोबर राज्य शासनाचा शिक्षण उपकरही महापालिकाच वसूल करून शासनाकडे भरते. रोजगार हमी उपकर हा बिगरनिवासी वापराला लागतो. तुमच्या निवासी बिलात तो दिसला तर कोणीतरी घराचा काही भाग बिगरनिवासी म्हणून नोंदवला आहे, असे समजून ताबडतोब चौकशी करावी. शीर्षांची ही यादी कंटाळवाणी वाटते, पण पुढे सवलतींकडे पाहताना तिचा उपयोग होतो: काही सवलती केवळ सर्वसाधारण करात मिळतात, तर ४० टक्के सवलत थेट करपात्र रकमेवर असल्याने तिचा परिणाम संपूर्ण बिलावर होतो. म्हणूनच ती इतकी मोलाची आहे.

आता या सवलतीचा इतिहास थोडा सांगावा लागेल, कारण तुमची अडचण त्यातच आहे. पुणे महापालिकेने १९७० मध्ये ठराव करून मालक स्वतः राहत असलेल्या घरांना करपात्र रकमेत ४० टक्के सवलत दिली आणि दुरुस्ती-देखभालीची वजावटही कायद्यातील १० टक्क्यांऐवजी १५ टक्के केली. जवळजवळ पन्नास वर्षे पुणेकरांना हे आपल्या घरपट्टीचे अंगच वाटत होते. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की कायद्यात अशा सवलतीची तरतूद नाही, आणि राज्य शासनाच्या निर्णयानुसार ती बंद झाली. १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या मिळकतींना ती मिळालीच नाही. आणि जुन्यांपैकी ज्या मिळकतींत पाहणीच्या वेळी मालक राहत नसल्याचे आढळले, त्यांची सवलत काढण्यात आली. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत पूर्ववत केली, देखभालीची वजावट मात्र १ एप्रिल २०२३ पासून १० टक्क्यांवर आणली. (दर न वाढताही त्या वर्षी अनेकांचे बिल थोडे चढले, त्याचे कारण हेच.) सवलत काढली गेलेल्यांना आणि २०१९ नंतरच्या मिळकतींना ती आपोआप न देता पीटी-३ हा अर्ज भरून, स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून मागावी लागेल, असे ठरले.

तुमच्या फ्लॅटचे काय झाले असावे, याचा अंदाज यावरून बांधता येतो. आधीच्या मालकांनी तो भाड्याने दिला असावा, पाहणीत तशी नोंद झाली असावी आणि सवलत निघाली असावी. तुम्ही घर विकत घेतले ते त्या नोंदीसकट. खरेदीखत झाले, नोंदणी झाली, सोसायटीच्या भागपत्रावर नाव चढले; परंतु महापालिकेच्या आकारणीच्या नोंदवहीत त्या घरात अजूनही भाडेकरूच राहतो आहे.

पीटी-३ अर्ज तुमच्या भागाच्या संपर्क कार्यालयात किंवा कर आकारणी व करसंकलन विभागात देता येतो. त्यासोबत सोसायटीचे पत्र जोडावे. त्यात ‘सदर सदनिकेत मालक स्वतः राहतात’ असे स्पष्ट वाक्य हवे, नुसते ‘ते आमचे सभासद आहेत’ एवढे पुरत नाही. त्याच पत्त्यावरचे मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅसचे कार्ड किंवा शिधापत्रिका यांपैकी जे असेल ते द्यावे. पुण्यात तुमची दुसरी मिळकत असेल तर तिच्या कराच्या बिलाची प्रतही मागितली जाते, आणि ती लपवण्यात काही अर्थ नसतो. अर्ज दिल्यानंतर पेठ निरीक्षक, म्हणजे तुमच्या भागाचे करविभागाचे निरीक्षक, घरी येऊन पाहणी करतात. पत्त्याचा एकही पुरावा अद्याप बदललेला नसेल तर आधी तो बदलून घ्यावा. २०२१ पासून राहत असूनही मतदार ओळखपत्र गावाकडचे, गॅस जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर आणि वीजबिल आधीच्या मालकाच्या नावावर, अशी स्थिती मी दर आठवड्याला पाहतो. उशिरा केलेल्या अर्जावर मागच्या सगळ्या वर्षांचा फरक परत मिळेलच असे गृहीत धरू नये. मागणी जरूर करावी, पण अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नये.

ही सवलत टिकवण्याचेही एक शिस्तीचे अंग आहे. पाहणीच्या वेळी दार कोण उघडतो आणि काय बोलतो, यावर नोंद ठरते. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात मालक दोन महिने गावी होते आणि घरात शिकायला आलेला भाचा राहत होता. निरीक्षकाने विचारले, ‘आपण मालक का?’ मुलगा ‘नाही’ म्हणाला, निरीक्षकाने पुढे काही विचारले नाही, मुलाने पुढे काही सांगितले नाही, आणि नोंदीत भाडेकरू लिहिला गेला. ती दुरुस्त करायला सात महिने लागले. घर खरोखरच भाड्याने दिले असेल तर मात्र सवलत जाणारच, आणि ते योग्यही आहे. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा करार करून घर दिलेले असताना स्वतः राहतो असे लिहून देऊ नये. भाड्याने दिलेल्या घराला दुसरीकडे थोडा दिलासा आहे: मालकाने त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येते. स्वतः राहत असलेल्या घराला ही वजावट मिळत नाही.

घरातच शिकवणी, दवाखाना किंवा ब्यूटी पार्लर चालवले, तर तेवढ्या भागाची बिगरनिवासी आकारणी होऊ शकते. त्याचा दर बराच जास्त असतो.

आता रस्त्यापलीकडची इमारत. दोन घरे समोरासमोर असूनही बिलात तिपटीचा फरक पडतो, याचे सर्वसाधारण कारण आकारणीचे वर्ष हे असते. भाड्यावर आधारित पद्धतीत इमारतीची पहिली आकारणी ज्या वर्षी झाली, त्या वर्षीचा दर तिला चिकटतो. भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे जुन्या इमारतींचे भाडे आणि पर्यायाने करपात्र रक्कम फारशी वाढवता आली नाही; नव्या इमारतींना मात्र दर वेळी नवा, चढा दर लागत गेला. त्यामुळे पेठेतल्या जुन्या वाड्याला अगदी किरकोळ कर आणि उपनगरातल्या नव्या फ्लॅटला त्याच्या कित्येक पट, असे चित्र शहरात सर्वत्र दिसते. हे न्याय्य आहे का, हा वेगळा विषय आहे, आणि माझे व्यक्तिगत मत तरी ते नाही असे आहे. परंतु सुनावणीत ‘समोरच्याला कमी आहे’ हा मुद्दा मांडला तर अधिकारी पहिला प्रश्न विचारतात तो त्या इमारतीच्या आकारणीच्या वर्षाबद्दल, आणि मुद्दा तेथेच संपतो. तुलना करायचीच असेल तर त्याच इमारतीतील, त्याच वर्षी आकारणी झालेल्या, त्याच वापराच्या घराशी करावी.

मुंबईची तुलना तर मुळातच लागू पडत नाही. तेथे १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर कर लागतो. म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीच्या शीघ्रसिद्ध गणकातील (रेडी रेकनर) दर घेऊन त्याला बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय, मजला आणि वापर यांचे गुणक लावले जातात आणि क्षेत्राने गुणले जाते. त्यातही वाद झाले. जमिनीच्या भावी बांधकामक्षमतेवर आजच कर लावू पाहणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर चटई क्षेत्राच्या (भिंतींच्या आतल्या, कार्पेट) निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मिळालेली माफी बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरती आहे. तुमचे घर ४५० चौरस फुटांचे असते तरी पुण्यात तिचा उपयोग झाला नसता. उलट मुंबईत राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तेथे ५१० चौरस फुटांच्या घराला ५०० फुटांची सूट देऊन उरलेल्या १० फुटांवर कर लागत नाही. मर्यादा ओलांडली की कर पूर्ण क्षेत्रावर लागतो. त्यामुळे तेथे क्षेत्राच्या मोजणीतील थोडासा फरकही फार महत्त्वाचा ठरतो.

तुमच्या वडिलांबद्दल. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना मालमत्ता करातून माफी देण्याची योजना व्यापक केली. तत्पूर्वी ती मुख्यतः शौर्यपदकधारकांपुरती होती. ही माफी राज्यातील एकाच मिळकतीला मिळते, ती मिळकत माजी सैनिकाच्या किंवा त्यांच्या पत्नीच्या नावावर असावी लागते, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. तुमचा फ्लॅट तुम्हा पती-पत्नींच्या नावावर आहे आणि वडील केवळ तेथे राहतात, म्हणून तो या माफीत बसत नाही. गावाकडचे घर वडिलांच्या किंवा आईंच्या नावावर असेल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा; ही योजना ग्रामीण भागालाही लागू आहे आणि बरेच माजी सैनिक ती मागतच नाहीत, असा माझा अनुभव आहे. केवळ माफीसाठी फ्लॅट वडिलांच्या नावावर करण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्यावा. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि उद्या वारसाहक्काचे जे गुंते होतील, त्यांच्या तुलनेत वाचणारा कर फार थोडा आहे.

इतर सवलती लहान आहेत, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत. सोसायटीत सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण किंवा गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत सर्वसाधारण करात मिळते. प्रकल्प चालू असावा लागतो, केवळ बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यासाठी गच्चीवर ठेवलेल्या पॅनेलने भागत नाही. संपूर्ण वर्षाचा कर मुदतीत, सहसा ३१ मेपर्यंत, एकरकमी भरला तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट मिळते. मंदिर, धर्मादाय संस्था यांना असलेली कायद्यातील सूटही सर्वसाधारण करापुरतीच आहे आणि जागेचा वापर केवळ त्याच कारणासाठी होत असेल तरच. घरातल्या देवघराचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे सांगावे लागते कारण तसा प्रश्न मला दोनदा विचारला गेला आहे.

आता चौथा प्रश्न, तक्रारीचा. तुमच्या बाबतीत पीटी-३ने काम भागेल. परंतु अन्य वाचकांसाठी आणि तुमच्या पुढच्या काळासाठी हे सविस्तर सांगतो, कारण लोक सर्वाधिक नुकसान येथेच करून घेतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार नवी आकारणी करताना किंवा करपात्र रक्कम वाढवताना मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते आणि हरकतीसाठी किमान १५ दिवस द्यावे लागतात. ही नोटीस बहुधा एकच पान असते, सोसायटीच्या पत्रपेटीत पडलेली असते, आणि तिच्यावर भरायची रक्कम ठळक नसल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात ज्या कागदावर भांडता येते तो हाच कागद आहे. तिच्यात क्षेत्र, वापर, दर आणि प्रस्तावित करपात्र रक्कम असते. मुदतीत लेखी हरकत दिली तर सुनावणी मिळते. मुदत गेली की ती रक्कम कायम होते आणि त्यानंतर येणाऱ्या बिलावर कितीही तक्रारी केल्या तरी ‘नोटिशीला हरकत का घेतली नाही’ हा प्रश्न पुढे उभा राहतो.

अशा एका सुनावणीचा प्रसंग सांगतो. महापालिकेचे नाव महत्त्वाचे नाही. निवृत्त शिक्षिकेच्या फ्लॅटची नवी आकारणी १,१४० चौरस फुटांवर झाली होती. त्यांचे म्हणणे एवढेच होते की कर फार आहे, आणि त्या तेवढेच सांगण्यासाठी निघाल्या होत्या. मी त्यांच्या घरी मोजफीत घेऊन गेलो. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, दोन झोपण्याच्या खोल्या, संडास-बाथरूम, बाल्कनी असे एकेक मोजून वहीत मांडले आणि बाहेरच्या भिंतींसह बेरीज केली, ती ८७२ आली. मंजूर नकाशावरून काढलेली बेरीजही त्याच्या एक-दोन फूट इकडेतिकडे होती. मग १,१४० आले कोठून? सुनावणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी धारिका उघडली, तेव्हा तिच्यात बांधकाम व्यावसायिकाच्या रंगीत माहितीपत्रकाची झेरॉक्स लावलेली निघाली. जिना, लिफ्ट, प्रवेशाचा हॉल सगळे धरून जाहिरातीत दिलेले ‘विक्रीयोग्य क्षेत्र’ कोणीतरी जसेच्या तसे आकारणीच्या तक्त्यात उतरवले होते. अधिकाऱ्यांनी नकाशा पाहिला, माझ्या वहीतले आकडे त्यावर पडताळले आणि क्षेत्र दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुनावणी बारा मिनिटे चालली. ‘कर फार आहे’ असे म्हणत आम्ही गेलो असतो तर ती चारच मिनिटांत संपली असती आणि रक्कम कायम झाली असती.

म्हणून हरकत लिहिताना रकमेबद्दल लिहू नये. नोंदीबद्दल लिहावे. क्षेत्र इतके नसून इतके आहे, वापर बिगरनिवासी नसून निवासी आहे, भाडेकरू नसून मालक राहतो, भोगवटा प्रमाणपत्र अमुक तारखेचे असताना आकारणी त्याआधीपासून लावली आहे, असे एकेक वाक्य आणि प्रत्येकाला एक कागद. क्षेत्र लिहिताना ते चटई क्षेत्र आहे की बांधीव, चौरस फुटांत आहे की मीटरमध्ये, हे स्पष्ट करावे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. आकारणीची नोंदवही पाहण्याचा मालकाला हक्क आहे, आणि धारिकेतील पाहणी अहवालाची प्रत सहज मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागता येते. मागील काळाची आकारणी राहून गेली असेल तर महापालिका ती सहा वर्षांपर्यंत मागे जाऊन लावू शकते, म्हणून उशिरा आकारणी झालेल्या नव्या इमारतींत पहिलेच बिल लाखाच्या घरात जाते. त्या बिलात सुरुवातीची तारीख कोणती धरली आहे ते आधी पाहावे.

सुनावणीचा निर्णय मान्य नसेल तर अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येते. पुण्यात ते लघुवाद न्यायालयात चालते. त्याच्या अटी कडक आहेत: अपील १५ दिवसांत दाखल करावे लागते, त्याआधी महापालिकेकडे रीतसर तक्रार केलेली असावी लागते, आणि मागणी केलेली रक्कम आधी भरावी लागते. ही शेवटची अट ऐकून बहुतेक जण नाराज होतात. परंतु वाद चालू असतानाही कर भरून टाकावा, असाच माझा सल्ला असतो. पावतीसोबत ‘हक्क राखून भरणा करीत आहे’ असे पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. कारण मुदतीत न भरलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. वर्षाला ती २४ टक्के होते, आणि तुम्ही वाद जिंकलात तरी कराचा जो भाग योग्य ठरेल त्यावरची शास्ती उरतेच. शास्तीत सूट देणारी अभय योजना येईल या आशेवर थकबाकी वाढवत बसणारे लोक मी पाहतो. योजना कधीकधी येते, पण त्याआधी जप्तीची नोटीस येते.

घर पुनर्विक्रीचे घेतल्याने आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. मिळकतकराची थकबाकी ही कायद्याने त्या मिळकतीवरचाच बोजा असते. आधीच्या मालकाने कर बुडवला असेल तर महापालिका तो तुमच्या घरातून वसूल करू शकते आणि ‘माझ्या वेळची थकबाकी नाही’ हे उत्तर चालत नाही. ते पैसे मग विक्रेत्याकडून वसूल करत बसावे लागते. दुसरे असे की खरेदीनंतर तीन महिन्यांच्या आत हस्तांतरणाची सूचना महापालिकेला देण्याची जबाबदारी विक्रेता आणि खरेदीदार दोघांवर असते; वारसाला मृत्यूनंतर एक वर्ष मिळते. बिलावर अजून जुन्या मालकाचे नाव असेल तर पीटी-३ अर्जाआधी इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराचा उतारा), खरेदीखत आणि थकबाकी नसल्याची पावती जोडून नाव बदलून घ्यावे, नाहीतर ‘मालक स्वतः राहतात’ हे सोसायटीचे पत्र आणि बिलावरचे नाव यांचा मेळ बसणार नाही. नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे मात्र नाही. बिल हा कर कोणाकडून घ्यायचा याचा कागद आहे. तो मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावा तर नाहीच. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, उलट कलम २६७अ खाली त्याशिवाय कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती लागू शकते. पिंपरी-चिंचवडमधील लोकांना हा शास्तीकर चांगलाच परिचयाचा आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये तो माफ केला, तरी त्यामुळे ती बांधकामे नियमित झाली नाहीत.

महापालिकेत नव्याने आलेल्या गावांत घर असलेल्यांचे नियम थोडे वेगळे आहेत. कायद्यानुसार तेथे पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने आणि नंतर दरवर्षी २० टक्क्यांच्या टप्प्याने पूर्ण दरापर्यंत जायचे असते. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आल्यानंतर हे टप्पे आणि त्यावरील शासनाचे आदेश यांवरून बराच वाद झाला आहे. तेथील रहिवाशांनी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा जपून ठेवावा, कारण टप्प्यांची मोजणी त्यावरच्या रकमेपासून सुरू होते.

तुमच्यापुरता क्रम असा ठेवावा. या आठवड्यात चालू बिल आणि मागील पावत्या काढून नाव, क्षेत्र आणि वापर या तीन नोंदी वाचाव्यात. नाव बदललेले नसेल तर तो अर्ज आधी. सोसायटीच्या सचिवांकडून पत्र घेताना त्यावर सदनिका क्रमांकासोबत मिळकत क्रमांकही लिहून घ्यावा. एकाच इमारतीत सारख्या आडनावांची दोन घरे असली की सवलत भलत्याच खात्यावर चढल्याचे मी पाहिले आहे. पीटी-३ अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एक द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. पाहणी होऊन महिनाभरात नोंद बदलली नाही, तर तोच आवक क्रमांक लिहून विभागाच्या प्रमुखांकडे स्मरणपत्र द्यावे. आणि या सगळ्याला वेळ लागला तरी चालू वर्षाचा कर मुदतीतच भरावा, सवलत मंजूर झाल्यावर जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागावी, आणि ती वळती झाली की नाही हे पुढच्या एप्रिलमध्ये बिल हाती आल्याबरोबर पाहावे.